डायलिसिसवाल्यांना लस डबल का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमच्या अण्णांचं आठवड्यातनं दोनदा डायलिसिस असतं. हिपॅटायटिस बी (लिव्हरला होणारा विषाणूचा आजार) ची लस देताना सिस्टरनी दरवेळी दोन-दोन इंजेक्शनं दिली, असे चार डोस झाले. मी घेतली तेव्हा एकेकच होतं, तेही तीनदाच. आता महिन्याभरानं टायटर (लसीमुळं रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या त्याची तपासणी) केला तर ६ आलाय. लस खराब होती का? आता काय करायचं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी सिस्टरना दोष देऊ नका, डोस बरोबरच आहे. धडधाकट माणसाला २० मायक्रोग्रॅम पुरतं, ०, १ आणि ६ महिन्यांनी. डायलिसिसवाल्यांना ४० लागतं, म्हणून २० च्या दोन, आणि ०, १, २, ६ असे चार वेळा. किडनी काम करेना झाली की रक्तात नको ते साठत जातं आणि त्यानं प्रतिकारशक्तीच्या टी पेशी मंदावतात, त्यामुळं लस चांगली असली तरी अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, कमी बनतात, त्यात वय झालेलं, शुगर असली, जेवण कमी असलं की अजूनच कमी. निरोगी दहातल्या नऊ जणांना लस लागू पडते, यांच्यात तेवढ्या जणांना पडत नाही.

टायटर १० च्या वर पाहिजे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत तपासतात, म्हणजे तुमची वेळ पण बरोबर आहे. आता चारही डोस परत घ्यायचे आणि परत टायटर करायचा, दुसऱ्या कोर्सला बऱ्याच जणांचा वर येतो. एकदा वर आला की दरवर्षी बघायचा, १० च्या खाली घसरला तर एक बूस्टर. दुसऱ्यांदाही नाही आला तर मात्र एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची लागण झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) वेळच्या वेळी करत राहायची, त्यात चालढकल अजिबात नको, कारण हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा जिवंत राहतो आणि डायलिसिसच्या खोलीत रक्ताशीच सगळा संबंध.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, लस घेतल्यावर निदान तीन आठवडे एचबीएसएजी करू नका, लसीतलंच अँटिजेन (विषाणूच्या कवचाचं प्रथिन) रक्तात सापडून रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि घरात उगाच रडारड होते.

आणि घरात, पाहुण्यांत कुणाचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) वाढायला लागलं असेल तर त्यांना लस आत्ताच द्या, डायलिसिस लागायच्या आधी ती जास्त चांगली लागू पडते.

अण्णांना इंजेक्शन कुठं दिलं तेवढं विचारून घ्या. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) नसलेल्या हाताच्या दंडातच पाहिजे, कमरेवर दिलं तर ते चरबीत जातं आणि असर कमी होतो.