डोंगर जमलाय, आता कॅमेरा हलवा

तुमच्या थ्रीडी डोंगराच्या पहिल्याच रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने काढलेल्या चित्रात, कड्यांचा खडबडीतपणा इतका छान उतरलाय, बघून खरंच आनंद झाला. टेक्श्चरला, म्हणजे पृष्ठभागाच्या पोताला, सध्या हात लावू नका, अडचण मांडणीत आहे.

कॅमेरा फार उंचावर असल्यामुळे शिखरं दबल्यासारखी दिसतात. तो जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, माणसाच्या नजरेच्या उंचीला आणा. वाइड लेन्सचा, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाचा, मोहही टाळा. २४ मिमी फोकल लेंग्थला (आकडा लहान, तितकं दृश्य रुंद) दूरचा पर्वत टेकडीएवढा होतो. समोरचा खडक फ्रेममध्ये तेवढाच राहील इतकं मागे सरका आणि ८५ मिमी लावा. तोच पर्वत खडकामागे भिंतीसारखा उभा राहतो. एकच बदल करणार असाल तर हा लेन्सचा करा.

सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे आहे, म्हणून सगळं सपाट वाटतं. तो एका बाजूला, क्षितिजापासून १५ अंशांच्या आसपास ठेवा. घळी आणि डोंगराच्या धारा लगेच उठून दिसतील.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका, तुमच्याही चित्रात आहेत:

- क्षितिज बरोबर मध्यावर.
- सगळी शिखरं सारखीच उंच. एक नायक निवडा, बाकीची खाली आणा.
- हवाच नाही. मधल्या हवेत प्रकाश विखुरतो, म्हणून दूरच्या रांगा फिकट, निळसर दिसतात. थोडं धुकं घातल्याशिवाय अंतर कळणार नाही.

प्रत्येक बदलानंतर छोटा, कृष्णधवल रेंडर काढून बघा. त्यात नजर शिखराकडे गेली नाही, तर रंगांनीही जाणार नाही.

व्हॉल्युमेट्रिक (खरी जाडी असलेले) ढग, झाडांचं स्कॅटरिंग (उतारांवर झाडं विखरून लावणं) हे नंतर. पुढचा रेंडर नक्की दाखवा.