‘खाली’ म्हणजे नक्की कुठे?

प्रश्न : माझे बाबा ५८ वर्षांचे आहेत, मार्केट यार्डात हमाली करतात. सहा-सात महिन्यांपासून ‘खाली कोंब आलाय’ म्हणतात. पोट साफ होत नाही, अधूनमधून रक्त पडतं. ओळखीच्या एकाने मूळव्याधीची पुडी दिली, ती चालू आहे. परवा कांद्याच्या गोण्या उतरवून आले तर जांघेत लिंबाएवढी गाठ होती. रात्री आडवे झाल्यावर नाहीशी झाली. कोंबच वर सरकला का? हर्निया आणि मूळव्याध एकच का?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, कोंब वर सरकत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुमच्या बाबांना बहुधा दोन्ही आहेत.

‘खाली’ हा शब्द मी रोज ऐकते. बाई सर्जन समोर बसलेली पाहून पुरुषांना जास्तच अवघडल्यासारखं होतं. मी एवढंच म्हणते, “काका, बोट ठेवून दाखवा.” बोट जांघेवर गेलं की मी त्यांना उभं करून खोकायला लावते. हर्निया असेल तर प्रत्येक खोकल्याला माझ्या बोटांना आतून धक्का बसतो. आडवं केलं की गाठ गुडगुडत आत जाते. पोटाच्या भिंतीत कमकुवत जागा झाली की तिथून आतडं किंवा चरबी बाहेर डोकावते, टायरच्या चिरेतून ट्यूब फुगून यावी तशी. जुनी माणसं याला अंतर्गळ म्हणतात.

मूळव्याध गुदद्वाराची. तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, खाली घसरतात. रक्त लालभडक, थेंब थेंब, बऱ्याचदा न दुखता पडतं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नका. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त पडतं. दुर्बिणीची तपासणी करून घ्याच.

कुंथण्याने दोन्ही आजार वाढतात, म्हणून पालेभाजी, भरपूर पाणी आणि पोट साफ राहणं दोन्हीकडे कामाचं. मूळव्याध लवकर कळली तर अनेकदा एवढ्यावर आणि औषधावर आटोक्यात येते. हर्नियाचं भोक मात्र कुठल्याही पुडीने बुजत नाही. पट्टा गाठ दाबून धरतो, बरी करत नाही. त्याला ऑपरेशनच, बहुतेकदा आतून जाळी बसवतात. जिल्हा रुग्णालयातही होतं. हमाली काही आठवडे बंद राहील, त्याची सोय आधी लावा.

असेच एक काका सात महिने पुडी घेत राहिले आणि एका रात्री दोन वाजता माझ्यापुढे आले. गाठ दगडासारखी, उलट्या सुरू, वारा सरत नव्हता. आतडं अडकून काळं पडलं होतं, वीतभर कापावं लागलं. ते वाचले. पण बोट ठेवून दाखवलं असतं तर आजार पाच मिनिटांत कळला असता, हे मला अजून सलतं.

बाबांची गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली किंवा उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका. ती दाबून आत ढकलू नका, खायला-प्यायला काही देऊ नका, थेट दवाखाना गाठा. तसं काही नसेल तरी याच आठवड्यात सर्जनला दाखवा आणि तोवर गोण्या उचलू देऊ नका. पुडी सोबत न्या, डॉक्टरांना ती बघू दे. आणि ते आत लाजतील, तर रक्त आणि गाठ या दोन्ही गोष्टी तुम्हीच सांगा.