फ्रीज दर आठवड्याला पुसूनही वास जात नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी सगळे कप्पे काढून धुता, अर्धं लिंबू ठेवून पाहिलं, वाटीत सोडा ठेवून पाहिला, तरी दार उघडलं की कोंदट वास येतोच. शेवटी एका ओळीत असंही म्हटलंय की भाजीच्या ड्रॉवरखाली अधूनमधून पाणी साचतं, ते तुम्ही फडक्याने टिपून घेता. तुम्ही या दोन वेगळ्या तक्रारी मानल्या आहेत. माझ्या मते ही एकच तक्रार आहे आणि तिचं मूळ तुम्ही पुसता त्या जागेत नाही.

हे इतक्या खात्रीने सांगते, कारण माझ्या घरी हुबेहूब असंच झालं होतं. जवळजवळ दोन महिने मी कप्पे घासत होते. एक दिवस ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून टॉर्च मारला, तेव्हा मागच्या भिंतीला तळाशी असलेली बारीक पन्हळ आणि तिच्या मधोमध असलेलं छोटं भोक दिसलं. भोकात पाल्याचा कुजलेला तुकडा आणि काळपट चिकट थर बसला होता. वास तिथून येत होता.

ते भोक कशासाठी असतं हे समजलं की बाकीचं आपोआप लक्षात येतं. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. तिच्यातली वाफ सगळ्यात थंड भागावर, म्हणजे बहुतेक मागच्या भिंतीवर, दवासारखी जमते, कधी तिचा पातळ बर्फ होतो. कॉम्प्रेसर थांबला की तो वितळतो, थेंब ओघळून पन्हळीत येतात आणि भोकातून नळीवाटे फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरवर किंवा त्याच्याजवळ बसवलेल्या ट्रेमध्ये पडतात. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते पाणी हवेत उडून जातं. म्हणून चांगल्या चालणाऱ्या फ्रीजचं पाणी आपल्याला कधी दिसतच नाही. भोक तुंबलं की तेच पाणी उलटं फिरून ड्रॉवरखाली साचतं.

साफ करायला फार काही लागत नाही. प्लग काढा. कानात घालायच्या कापसाच्या काडीने भोकाच्या तोंडाशी अडकलेला कचरा वर ओढून घ्या, आत ढकलू नका. मग बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी थोडं थोडं सोडा. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा चालेल. पाणी सरळ खाली उतरलं की झालं. दोनतीन सिरिंजा पुरतात. तांब्याभर पाणी ओतलंत तर मागचा ट्रे भरून जमिनीवर वाहील. आणि तार घालू नका, नळी फाटली तर पाणी फ्रीजच्या भिंतीत मुरत राहतं.

मागचा ट्रे मात्र बहुतेक लोक फ्रीज विकत घेतल्यापासून एकदाही पाहत नाहीत. फ्रीज भिंतीपासून पुढे ओढा, कॉम्प्रेसर गरम असतो म्हणून प्लग काढून अर्धा तास थांबा. काही फ्रीजमध्ये ट्रे सरकवून निघतो, काहींत तो पक्का बसवलेला असतो; तेव्हा ओढाताण न करता स्पंजने पाणी टिपून जागेवरच साबणाने पुसा. माझ्या ट्रेमध्ये बोटभर शेवाळी गाळ होता. घरात वास फ्रीजचं दार बंद असतानाही का जाणवायचा, ते तेव्हा कळलं.

तुमचा फ्रीज फ्रॉस्ट फ्री असेल तर एक फरक आहे. त्यात बर्फ आत लपवलेल्या कॉइलवर जमतो, छोटा हीटर तो ठराविक वेळाने वितळवतो आणि पाणी जायचं भोक बऱ्याचदा फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड असतं. फ्रीजरच्या तळावर बर्फाची लादी धरत असेल तर बहुधा तेच तुंबलेलं आहे. ते काम दुरुस्ती करणाऱ्याला द्या, पत्रा स्वतः उघडू नका.

तिसरी जागा दाराचं रबर. त्याच्या घड्या बोटाने उघडून पाहा. सांडलेलं दूध, कण, ओल असं सगळं तिथे जाऊन बसतं आणि काळी बुरशी धरते. जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण एवढ्यावर निघतं. मग साध्या पाण्याने पुसून अगदी कोरडं करा, घडीत ओल राहिली तर बुरशी परत येते. डाग राहिला तरी हरकत नाही. रबर चिकट, कडक किंवा फाटलेलं नाही ना, हे महत्त्वाचं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत निघाली तर रबर ठीक, सहज सुटली तर तिथून दमट हवा आत जातेय. म्हणजे भिंतीवर जास्त दव, भोकाकडे जास्त पाणी, आणि कॉम्प्रेसर विनाकारण चालू. दबलेलं रबर गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने शेकलं तर कधी कधी पुन्हा फुगतं. नाहीतर बदला, सगळा फ्रीज बदलावा लागत नाही. पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवले की अर्धवट राहिलेलं दार आपोआप मिटतं, तेही तपासून घ्या.

आता आतली सफाई. ती तुम्ही करताच, त्यामुळे जिथे चूक होते तेवढंच सांगते. काचेचे कप्पे फ्रीजमधून काढल्या काढल्या गरम पाण्याखाली धरू नका, तडकतात. पंधरावीस मिनिटं बाहेर राहू द्या. काचेच्या कडेची प्लास्टिकची पट्टी बऱ्याच फ्रीजमध्ये निघते, ती काढा. एकदा सांडलेलं दूध तिच्याखाली महिनोन्‌महिने राहतं आणि वरून पुसून ते कधीच जात नाही. ड्रॉवरचे रूळही तसेच. आतल्या भिंतींना मी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून वापरते. सुवासिक द्रव वापरत नाही, कारण प्लास्टिक तो वास धरून ठेवतं आणि मग दुधाला, लोण्याला लागतो. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून दार दहा मिनिटं उघडं ठेवा. पाणी पुसायचा कंटाळा केला तर केलेली मेहनत वाया जाते, ओल हीच वासाची सुरुवात असते. या सगळ्या वेळात नाशवंत पदार्थ थंड बॅगेत किंवा बर्फासोबत ठेवा, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका.

कच्चं मांस किंवा मासे यांचं पाणी सांडलं असेल तर मात्र सोड्यावर भागवू नका. आधी साबणाने धुवा, मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून पुसा, नंतर साध्या पाण्याने पुसून वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हे इतकं आग्रहाने सांगायचं कारण असं की थंडीत जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. थंडीत त्यांची वाढ फक्त मंदावते. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर फ्रीजच्या तापमानातही हळूहळू वाढतो आणि गरोदर बायकांना, वयस्कर माणसांना तो खरोखर धोकादायक आहे. म्हणून कच्चं मांस नेहमी झाकलेल्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात.

सोडा आणि लिंबाबद्दल माझं मत सांगते. मूळ जागा साफ केल्यावर रेंगाळणारा वास काढायला सोडा थोडीफार मदत करतो, सक्रिय कोळसा त्याहून चांगली करतो. पण कुजणारी गोष्ट आत असताना यातलं काहीच पुरत नाही. आणि लिंबू ठेवलं तर ते स्वतःच चार दिवसांत बुरशी धरतं. ते काढून टाका.

तापमान एकदा मोजा. आतल्या चाकावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड एवढंच. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर घालून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी 4 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी दिसायला हवं, फ्रीजरमध्ये उणे 18. दाराचा भाग सगळ्यात उबदार असतो, त्यामुळे तिथे दूध ठेवू नका, बाटलीची जागा असली तरी.

फ्रीजरमध्ये बर्फ साचत असेल तर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास थर झाला की डीफ्रॉस्ट करा. बर्फ उष्णता अडवतो, मग कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. पण बर्फ सुरीने टोकरू नका, ही एक गोष्ट कृपा करून ऐका. माझ्या पहिल्या फ्रीजमध्ये मी ते केलं होतं. बारीक फुस्स असा आवाज आला आणि फ्रीज संपला. फ्रीजरची भिंत पातळ अॅल्युमिनियमची असते आणि तिच्या आतूनच गॅस फिरतो. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वालाग्राही, असतो. कधी असा आवाज आलाच तर कसलंही बटण किंवा प्लग न हाताळता, काही न पेटवता खिडक्या उघडा. बर्फ वितळवायचा तर प्लग काढून फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं जाड फडक्यावर ठेवा, खाली टॉवेल घाला आणि वाट पाहा.

मागे उघडी जाळी असेल तर वर्षातून एकदोनदा मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ झाडा. तुमच्या फ्रीजला जाळी दिसत नसेल आणि बाजूच्या भिंती कोमट लागत असतील तर तो बिघाड नाही, उष्णता बाहेर टाकणारी कॉइल त्या भिंतींतच आहे. बाजूला हवा खेळायला जागा ठेवा, एवढंच.

तर या रविवारी कप्पे राहू द्या. आधी भोक, मग मागचा ट्रे, मग रबर, आणि त्यानंतर दोन दिवस थांबून ड्रॉवरखाली हात फिरवून पाहा. कोरडं असेल तर वासही चारपाच दिवसांत उतरेल. भोकातून पाणी नीट उतरत असूनही ओल दिसली, तर दाराजवळची कागदाची पट्टी चारही बाजूंनी पुन्हा ओढून पाहा, विशेषतः बिजागरीच्या बाजूने. माझ्याकडे रबर तिथेच सुटलं होतं आणि तिथे पाहायचं मला सगळ्यात शेवटी सुचलं.