बाईकच्या क्लेममध्ये कंपनी कमी पैसे देतेय, घासाघीस करून वाढवून मिळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बाईकची आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची विम्याची किंमत) ७०,००० आहे, सर्व्हिस सेंटरने ५८,००० चं एस्टिमेट काढलंय, कंपनी म्हणते गाडी टोटल लॉसमध्ये (दुरुस्ती परवडत नाही, गाडी पूर्ण गेली असं धरून) काढतो पण बाजारात अशा गाडीला जास्त येत नाहीत म्हणून ५२,४०० देऊ, आणि शुक्रवारपर्यंत सही द्या नाहीतर फाईल क्लोज होईल. तुम्ही विचारलंय की घासाघीस करून पाच-सात हजार वाढतील का.

सही करू नका अजून. आणि पाच-सात हजारसुद्धा मागू नका, कारण "थोडं वाढवून द्या की" म्हटलं की समोरचा दोन हजार वाढवून देतो, आपल्याला वाटतं जिंकलो, आणि मूळ हिशोब चुकीचा होता तो तसाच राहतो. हे मी २०२२ मध्ये स्वतः केलंय म्हणून सांगतोय. फोनवर विनवण्या करून झाल्या, गाडी रोज कामाला लागते सांगून झालं, शून्य रुपये वाढले. मग कागद मागवला, आणि कागदावर बोलायला लागल्यावर २४,१५५ चे ३२,७२५ झाले.

मी इन्शुरन्समधला माणूस नाही. मूळ कराडचा, पुण्यात एका कारखान्यात स्टोअरला आहे, त्यामुळे बिलातली ओळ न् ओळ चेक करायची सवय आहे आणि तीच कामाला आली.

आधी माझी केस सांगतो, कारण तुम्हाला टोटल लॉस जमला नाही आणि रिपेअरवर यायची वेळ आली तर हेच लागेल. शिरवळजवळ रात्री सर्व्हिस रोडला कुत्रं आडवं आलं, गाडी घसरून दुभाजकाला बसली. मला खांद्याला मार लागला पण निभावलं. गाडी २ वर्षं ८ महिन्यांची, एस्टिमेट ४५,२०० चं. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, येऊन फोटो काढून गेले आणि आठ दिवसांनी मेसेज आला, अप्रूव्ड अमाउंट २४,१५५. बास, एवढंच. कशाचे किती कापले काही नाही. गॅरेजवाला म्हणाला सगळ्यांचे असेच येतात, निम्मे धरूनच चालायचं. हे "निम्मे धरून चालायचं" लोकांच्या डोक्यात इतकं बसलंय की कोणी विचारतच नाही, आणि मला याचाच जास्त राग येतो.

मी कंपनीला मेल टाकला की मला असेसमेंट शीट द्या, प्रत्येक पार्टसमोर किती डेप्रिसिएशन (पार्ट जुना झाल्याची कपात) लावलं ते दिसलं पाहिजे. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागणं हा आपला हक्क आहे, उपकार नाही. दोन रिमाइंडर गेल्यावर शीट आली आणि मग कळलं.

नियम साधा आहे. झिरो डेप (ही कपात न होण्यासाठी जास्त पैसे भरून घेतलेलं कव्हर) नसेल तर रबर, नायलॉन, प्लास्टिकचे पार्ट, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांना सरसकट ५० टक्के कापतात, फायबर ग्लासला ३० टक्के, काचेला काहीच नाही. लोखंड-अॅल्युमिनियम म्हणजे धातूच्या पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे, पहिले ६ महिने शून्य, १ वर्षापर्यंत ५, २ पर्यंत १०, ३ पर्यंत १५, ४ पर्यंत २५, ५ पर्यंत ३५, १० पर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. माझी गाडी ३ वर्षांच्या आत म्हणजे धातूला १५ टक्केच लागायला हवे होते. शीटमध्ये फोर्कला (पुढच्या शॉकअपला) बरोबर १५ लावले होते पण पेट्रोलची टाकी ८,६०० ची, ती बॉडी पार्ट म्हणून प्लास्टिकच्या यादीत ढकललेली आणि ५० टक्के कापलेले. सायलेन्सर ६,२०० चा, त्यालाही ५०. टाकी पत्र्याची आहे हे कुणाला सांगायला लागावं? पण सांगायला लागलं, चुंबक चिकटवलेला फोटो काढून पाठवला. त्या दोन ओळींचेच ५,१८० रुपये वाढले.

तिसरी ओळ पुढच्या अलॉय चाकाची. सर्व्हेअरनी लिहिलं होतं रिपेअर, १,२०० रुपये. नवीन ५,४०० चा. आता अलॉयला रिमच्या कडेला बारीक क्रॅक होता जो वरून दिसत नव्हता, टायर काढल्यावर दिसला. मी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरना विनंती केली की हा जोडून वापरणं सेफ नाही असं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, त्यांनी दोन ओळी लिहून शिक्का मारून दिला, आणि मी मेलवर रि-इन्स्पेक्शन मागितली. सर्व्हेअर परत आले, बघितलं आणि मान्य केलं, १५ टक्के कापून ४,५९० धरले. माणूस वाईट नव्हता, पहिल्यांदा आले तेव्हा टायर चढवलेलाच होता तर त्यांना दिसणार कसं. म्हणून गाडी खोलल्यावर जे सापडेल ते तेव्हाच कळवायचं आणि जुने पार्ट क्लेम संपेपर्यंत टाकू द्यायचे नाहीत, मी गॅरेजमध्येच एका पोत्यात भरून वर गाडीचा नंबर लिहून ठेवायला लावले होते.

टी-स्टेमचे (हँडल आणि फोर्क जोडणारा भाग) १,९०० मात्र मिळाले नाहीत, ते खरंच वाकलेलं नव्हतं, तिथे मी वाद घातला नाही. हेडलाइटला ५० कापले ते पण बरोबर होतं, आजकाल पुढचं कव्हर काचेचं नसतंच. सगळ्याच ओळींवर भांडलं की खऱ्या चुकांचं वजन जातं.

आता तुमची केस. तुमचा ५२,४०० हा आकडा वाचला आणि मी कॅल्क्युलेटर काढला. ७०,००० चे ७५ टक्के म्हणजे ५२,५००, त्यातून टू-व्हीलरचं कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचे ठरलेले १०० रुपये, वजा केलं की बरोब्बर ५२,४००. हा बाजारभाव वाटत नाही मला. पॉलिसीची एखादी अट मोडली असं कंपनीला वाटलं की पूर्ण नाकारण्याऐवजी ७५ टक्क्यांपर्यंत देतात, त्याला नॉन-स्टँडर्ड सेटलमेंट म्हणतात, सुप्रीम कोर्टाच्या निकालांमध्येही हा ७५ टक्क्यांचा हिशोब आलेला आहे. तर कंपनीला लेखी विचारा की हे नॉन-स्टँडर्ड आहे का आणि असेल तर कुठली अट, कुठला पुरावा. ट्रिपल सीट होता का, कळवायला उशीर झाला का, लायसन्स त्या दिवशी चालू होतं का, मागच्या वर्षी कंपनी बदलताना क्लेम घेतलेला असून नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) घेतला का, हे स्वतःशी खरं खरं तपासा. यातलं काही असेल तर तुमची बाजू थोडी कच्ची आहे आणि मग ७५ टक्के ही वाईट ऑफर नाही. पीयूसी संपली होती एवढ्यावरून मात्र क्लेम नाकारता येत नाही, हे आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्येच स्पष्ट केलंय.

यातलं काहीच नसेल आणि ते "मार्केट व्हॅल्यू कमी आहे" यावरच अडून बसले तर तुमची पॉलिसी उघडा, पहिलं सर्टिफिकेट नाही, ते बारीक अक्षरातलं आठ-दहा पानांचं वर्डिंग. त्यात आयडीव्हीच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की टोटल लॉसच्या क्लेमसाठी पॉलिसीच्या पूर्ण काळात आयडीव्ही हीच मार्केट व्हॅल्यू धरायची, अजून डेप्रिसिएशन न लावता. शिवाय रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्त होण्यासारखी असली तरी टोटल लॉसच धरायचा. तुमचे ७५ टक्के म्हणजे ५२,५०० आणि एस्टिमेट ५८,०००, आणि टोटल लॉस तर कंपनी स्वतःच म्हणतेय. मग बाजारात गाडी कितीला जाते हा प्रश्नच उरत नाही, प्रीमियम घेताना ७०,००० वर घेतलाय. तो परिच्छेद फोटो काढून मेलमध्ये टाका.

अजून एक शक्यता आहे, की ते भंगार गाडीची किंमत वजा करून बोलतायत आणि गाडी तुमच्याकडेच ठेवायला सांगतायत. फोनवर हे नीट सांगत नाहीत. सॅल्व्हेजचे, म्हणजे या भंगार गाडीचे, १७-१८ हजार कापले असतील तर विचारा ही बोली कुणाची, लेखी दाखवा, आणि कंपनीला म्हणा, "तेवढी किंमत येत असेल तर गाडी तुम्हीच घेऊन जा आणि मला आयडीव्हीतून १०० वजा करून पूर्ण द्या." माझ्या मेव्हण्याच्या स्कूटरला हेच केलं होतं. तिथे १४,००० कापले होते आणि गावातला भंगारवाला ६,००० च्या वर जायला तयार नव्हता, "मग तुम्हीच न्या" म्हटल्यावर चार दिवसांत उचलून नेली. फक्त गाडी देताना आरसीचं काय होणार ते लेखी घ्या, कॅन्सल होणार की घेणाऱ्याच्या नावावर होणार. आरसीवर तुमचं नाव राहिलं आणि त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईला कोर्ट आरसीवरच्या मालकालाच धरतं, हा विषय हलक्यात घेऊ नका. गाडी भंगारातच जाणार असेल तर आरटीओला कळवायचं पण तुमच्याकडे आहे, कायद्यात १४ दिवस दिलेत. आणि लोन चालू असेल तर पैसे आधी फायनान्सवाल्यांकडे जातील, उरलेले तुम्हाला, तेव्हा त्यांचा बाकीचा आकडा आजच मागवून ठेवा.

शुक्रवारच्या धमकीचं. जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे मुदती कंपनीवर आहेत, सर्व्हेअरने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. तुम्ही प्रश्न विचारला म्हणून फाईल बंद होत नाही. फोन आला तर ऐकून घ्या आणि फोन ठेवल्यावर लगेच मेल टाका, "आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधींनी असं सांगितलं, कृपया लेखी कन्फर्म करा." माझ्या केसमध्ये अशा दुसऱ्याच मेलनंतर बोलण्याची भाषा बदलली. "फुल अँड फायनल" लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर (एवढे पैसे मान्य, पुढे काही मागणार नाही अशी पावती) आत्ता सही नको. काही जणांनी पैशाची नड म्हणून सही केलेली असते, त्यांचेही रस्ते पूर्ण बंद होत नाहीत, दबावाखाली सही झाली हे दाखवता आलं तर कोर्टाने ऐकलेलं आहे, पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं. सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे दगडावरची रेघ असंही कुणी सांगितलं तर २००९ चा प्रदीप कुमार केसचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की सर्व्हेअरचा रिपोर्ट हा अखेरचा शब्द नाही.

मेल पहिल्यांदा क्लेम डिपार्टमेंटला, मग कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, पत्ता पॉलिसीवर असतो. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका नाहीतर १५५२५५ ला फोन करून नोंदवा. एका महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं, तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. तुम्ही पुण्याकडचे असाल तर ऑफिस नारायण पेठेत केळकर रस्त्याला आहे, ऑनलाइनही अर्ज होतो. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला नाही पटला तर ग्राहक आयोगाचा रस्ता तुमच्यासाठी उघडाच राहतो. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, ग्रिव्हन्सच्या मेलनंतर साधारण तीन आठवड्यांत सुधारित शीट आली.

पहिला मेल मोठा लिहू नका. क्लेम नंबर, आयडीव्ही ७०,०००, कंपनीने टोटल लॉस मान्य केलाय ती तारीख, ऑफर ५२,४००, आणि मग तीन प्रश्न, डिडक्टिबलचे १०० सोडून १७,५०० कशाचे कापले, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली, आणि सर्व्हे रिपोर्टची कॉपी कधी देताय. राग, घरची अडचण, गाडी किती जपली होती, यातलं काही नको. मला माहितीये ते लिहावंसं वाटतं, मी पहिल्या मेलमध्ये सगळं लिहिलं होतं आणि उत्तरात फक्त "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" आलं.

हा मेल आज रात्रीच टाका म्हणजे शुक्रवारच्या आधीची तारीख त्यावर राहील. रिपोर्ट आला की पार्टची यादी आणि आकडे इथे खाली टाका, तुमचं नाव, गाडी नंबर, पॉलिसी नंबर झाकून, मी ओळ न् ओळ बघून सांगतो.