वाचकांचे प्रश्न : बाल्कनीतलं सूर्यफूल

प्रश्न : ताई, बाल्कनीत कुंडीत सूर्यफूल लावलंय, रोप भराभर उंच गेलं पण खोड अगदी काडी आहे आणि सगळं रोप कठड्याबाहेर झुकतंय. सूर्यफूल सूर्याकडे वळतंच म्हणून आम्ही खूश होतो, पण दीड महिना झाला तरी कळीचा पत्ता नाही. कुंडी फिरवत राहू का?

उत्तर : अहो, ते सूर्याकडे वळणं नाही, उजेड मिळावा म्हणून रोपाची धडपड चाललीये. खरंखुरं वळणारं कोवळं रोप सकाळी पूर्वेला असतं, संध्याकाळी पश्चिमेला आणि रात्रीत परत पूर्वेला येतं, कारण दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते आणि रात्री पश्चिमेकडची. तुमचं दिवसरात्र एकाच बाजूला, म्हणजे ऊन कमी पडतंय. रोज निदान ६ तास थेट ऊन पाहिजे, नुसता लख्ख उजेड चालत नाही. आणि एक बघा, कठडा भिंतीचा असेल तर वर मस्त ऊन असतं आणि खाली फरशीवरच्या कुंडीला सावली, हे आपल्या लक्षातच येत नाही. कुंडी स्टुलावर चढवा (पण कठड्यावर ठेवू नका प्लीज, वाऱ्याने खाली कुणाच्या डोक्यात पडायची). फिरवल्याने रोप जरा सरळ वाढेल, ऊन काही वाढणार नाही. खोडाला काठी लावून सुतळीने सैल बांधा.

कळीचं म्हणाल तर बुटक्या जातींना साधारण २ महिन्यांत फूल येतं, उंच जातींना ३ महिनेही लागतात, तेव्हा थोडं थांबा. फक्त तोवर युरिया घालत बसू नका, नुसता पाला माजतो. आणि हो, पूर्ण उमललेलं फूल सूर्यामागे फिरत नाही, तेव्हा ते रस्त्याकडे तोंड करून बसलं तर खुशाल कुंडी फिरवून घराकडे करा.

प्रश्न : छोट्या ग्लासात बी रुजवून रोपं मोठ्या कुंडीत हलवली, सगळ्यांनी माना टाकल्या. काय चुकलं?

उत्तर : सोटमूळ दुखावलं असणार, सूर्यफुलाला हलवलेलं आवडत नाही. बी थेट शेवटच्या कुंडीतच लावा, इंचभर खोल, एका ठिकाणी २-३. उगवल्यावर सगळ्यात दणकट रोप ठेवा आणि बाकीची उपटू नका, कात्रीने कापा, नाहीतर शेजारच्याची मुळं पण हलतात. टेडी बेअरसारख्या बुटक्या जातीला १२ इंच खोल कुंडी पुरते, खाली भोकं मात्र हवीत.

प्रश्न : झाड भरगच्च व्हावं म्हणून शेंडा खुडू का?

उत्तर : पाकिटावर एका दांड्याला एकच फूल असं लिहिलं असेल तर अजिबात नको, तेच फूल खुडलं जाईल. फांद्या फुटणारी जात असेल तर खुडा.

प्रश्न : फूल मोठ्ठं आलं पण बिया सगळ्या पोकळ?

उत्तर : परागीभवन झालं नाही, उंचावरच्या बाल्कनीत मधमाश्या कमी येतात. पुढच्या वेळी दोन रोपं लावा आणि मऊ ब्रश एका फुलावरून दुसऱ्यावर फिरवा, मधली बारीक फुलं कडेकडून आत अशी रोज थोडी थोडी उमलतात म्हणून एकदा करून भागत नाही, आठवडाभर रोज करा.