आधी एफडी मोडणं थांबवा

चोवीस वर्षांच्या भावाला आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोजा हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार निघालाय आणि आईबाबा स्टेम सेलच्या इंजेक्शनसाठी तीन लाखांची एफडी मोडतायत, काय करू, असं तुम्ही विचारलंय. मला हाच आजार आहे, निदानाला एकोणीस वर्षं झाली.

एफडी मोडू देऊ नका. आरपीवर स्टेम सेल हा आपल्याकडे मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे तो फक्त चाचणीत देता येतो आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठून या.

त्यापेक्षा जनुकीय तपासणी करा. अमेरिकेत २०१७ सालीच मंजूर झालेली लक्स्टर्ना ही जनुक-उपचारपद्धती फक्त आरपीई६५ जनुकातल्या दोषावर चालते, आणि आरपीला कारण ठरणारी जनुकं ऐंशीच्या वर आहेत. म्हणून दोष कुठल्या जनुकात आहे, ते आधी कळायला हवं. आईबाबांचं लग्न नात्यातलं असेल तर जनुकीय समुपदेशकाला सांगा. मामाची मुलगी करणं आपल्याकडे नवं नाही. पण घरात कुणी आईला 'तुझ्या माहेरचा रोग' म्हणालं, तर तिथेच थांबवा. नात्यातल्या लग्नात ज्याची भीती असते त्या प्रच्छन्न (ऑटोसोमल रिसेसिव्ह) प्रकारात दोष आई आणि बाबा दोघांकडूनही यावा लागतो. माझ्या आईने हे बोलणं सात वर्षं ऐकलं, आणि ते खोटं होतं.

दरवर्षी डोळे तपासून ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन, करा. पडद्याच्या मध्यभागी येणारी सूज आणि मोतीबिंदू, या दोन्हींवर उपचार आहेत. 'आरपीच आहे' म्हणून त्या अंगावर काढू नका. कानही तपासून घ्या, काहींना अशर सिंड्रोम असतो, त्यात नजरेबरोबर ऐकणंही कमी होतं.

आता अवघड गोष्ट. भाऊ गाडी चालवतो का? पुण्यात गाडीशिवाय कसं, हे मीही म्हणायचो. तक्त्यावरची अक्षरं मला ६/९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळी, वाचता येत होती, आणि तरी शनिपारापाशी तिन्हीसांजेला बाजूने आलेली बाई मला दिसली नाही. तिचं मनगट मोडलं. अक्षरं मधल्या नजरेने वाचतात. आरपीत आधी कडेची आणि अंधारातली नजर जाते. म्हणून पेरिमेट्री, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्याची तपासणी, करून घ्याच. दृष्टिक्षेत्र चाळीस अंशांच्या खाली असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो अल्पदृष्टी धरला जातो आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो.

पांढरी काठी वापरायला डोळ्यांना दिसतंय तोवरच शिकावं. मी आठ वर्षं लाजेपायी टाळली.

उद्या रात्री जेवणानंतर भावाला घेऊन गल्लीत एक चक्कर मारा. हात धरू नका, फक्त तो कुठे पाय चाचपडतो ते बघा. 'थोडं कमी दिसतं' एवढंच तो घरी सांगत असणार.