सॅन होजेला राहतो, टेललाइट बंद म्हणून फिक्स-इट तिकीट (गाडीतला दोष दुरुस्त करून दाखवा, असं पोलिसांचं तिकीट) सॅन डिएगोत मिळालं. परत जावं लागेल का?

नाही. टेललाइट बदला आणि गाडी व तिकीट घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा हायवे पेट्रोलच्या ऑफिसात जा. कॅलिफोर्नियातला कुठलाही पोलीस अधिकारी तपासून दुरुस्तीच्या रकान्यात सही करू शकतो. काही ठाणी फी घेतात, आधी फोन करा. तिकीट विम्याचा कागद जवळ नव्हता म्हणून असेल तर पोलीस नको, तिकीट मिळालं त्या दिवशी विमा चालू असल्याचा पुरावा कोर्टालाच दाखवा.

बहुतेक जण इथे चुकतात: सही झाली की प्रकरण मिटलं असं समजतात. सही केलेलं तिकीट आणि प्रत्येक दुरुस्तीमागे २५ डॉलर तिकिटावरच्या कोर्टाकडे, म्हणजे सॅन डिएगोला, मुदतीआधी पोचलेच पाहिजेत. पोस्टाने चालतं, प्रत आणि पोचपावती जपा. कोर्टाची नोटीस आली नाही तरी मुदत टळत नाही.